दोघांना बसेल असं खोगीर

माणसाने आयुष्यात एकदा तरी खोगीर घ्यायला निघावं. आपल्याला मूर्ख समजणारे लोक नेमके किती आहेत, याची पक्की मोजदाद त्याशिवाय होत नाही. आणि मोजदादीच्या बाबतीत माझा शब्द मानायला हरकत नाही, कारण मी एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. दुकानात पाऊल टाकताच तराजू कुठे कलतोय ते मला लांबून कळायचं. दुकानदार चहा मागवायचे, मी प्यायचो नाही. हे शेवटचं सांगायची खरं तर गरज नव्हती. पण हल्ली कोणी विचारत नाही, म्हणून आपलं आपणच सांगावं लागतं.

तर खोगीर. घोडा माझा नाही हे आधीच स्पष्ट करतो, कारण आमच्या इमारतीत निदान तीन मजल्यांचा याबाबत अजून गैरसमज आहे. घोडा आमच्या घोडेस्वारी क्लबचा. आणि तोही घोडा नव्हे, घोडी. वय वर्षं सतरा. कागदोपत्री तिचं नाव मोठं झोकदार आहे, पण पागेत लहानथोर सगळे तिला मावशी म्हणतात. मी क्लबात नाव घातलं त्या दिवशी नव्या मंडळींनी पटापट आपापले घोडे निवडले. शेवटी ती उरली आणि मी उरलो. मोतद्दाराने, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्या माणसाने, तिचा लगाम माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "हं." हा मोतद्दार चाळिशीचा, कामाला चोख, पण बोलण्यात भलताच काटकसरी. "हं" आणि "बरं" एवढ्या भांडवलावर त्याने पागेत पंधरा वर्षं काढली होती.

मावशी धावत नाही. चालते, आणि तेही तिच्या मनात असलं तर. "तिच्यावर बसण्यापेक्षा पायी गेलात तर लवकर पोचाल," असं मला दोघा-तिघांनी सुचवून पाहिलं. पण मला पोचायचं कुठे होतं?

आता खरं ते सांगून टाकतो, म्हणजे "या माणसाला एवढं काय पडलं होतं" असं तुम्ही पुढे विचारणार नाही. बायको गेल्याला दोन वर्षं झाली. मूलबाळ नाही. ताई आहे, तिचा दर रविवारी फोन येतो. ती माझी तब्येत विचारते आणि मी उत्तर द्यायच्या आत स्वतःची सांगायला लागते. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी मी पागेत जातो आणि मावशीच्या पाठीवर बसून तिला सगळं सांगतो. दूधवाल्याने काय केलं, नळ कसा गळतोय, वरच्या मजल्यावर रोज काय आपटतं. ती कान मागे वळवून ऐकते. उरलेले चार दिवस मी सांगण्यासारखं काही घडतंय का, ते बघत बसतो. यात हसण्यासारखं काही नाही. हसायचं पुढे बरंच आहे.

एका सोमवारी मावशीच्या पाठीवर, खांद्याच्या जरा मागे, केस उडालेले दिसले. शुक्रवारपर्यंत तिथे चांगला लाल चट्टा उठला. घोड्यांचे डॉक्टर आले. त्यांनी बोट लावलं तशी तिने अंग चोरलं. 

"खोगीर लागतंय," डॉक्टर म्हणाले. "हे क्लबचं खोगीर भलत्याच घोड्याचं आहे. हिला बसत नाही. आणि राग मानू नका, तुम्हालाही बसत नाही."

"मग?"

"दोघांना बसेल असं करून घ्या. तोवर हिच्यावर बसायचं नाही."

एवढ्यावर निभावलं असतं. पण क्लबच्या कचेरीत एक कारकून आहे आणि त्याच्याकडे नियमांचं पुस्तक आहे. त्याने नियम क्रमांक बारा काढून माझ्यापुढे धरला. ज्या घोड्यावर सलग तीस दिवस स्वारी होत नाही, त्याला पागेत ठेवता येत नाही. त्याची रवानगी फार्मवर.

"कुठे आहे हा फार्म?"

"आहे लांब. सात तास लागतात. पण सोय फार चांगली आहे हो तिथे. मोकळी हवा, वेळच्या वेळी खाणं, तिच्या वयाचे बरेच जण आहेत. रमेल ती."

ताईने मला जी संस्था सुचवली होती, तिचं वर्णन तिने अगदी याच शब्दांत केलं होतं. मी म्हटलं, "तीस दिवसांत खोगीर आणतो."

"आणा की. अर्ज करा."

स्वतःचं खोगीर क्लबात आणायला अर्ज लागतो, हे मला ठाऊक नव्हतं. अर्जात सतरा रकाने. पंधरा मी बसल्या जागी भरले, शेवटी सरकारी नोकरीत आयुष्य गेलंय. सोळाव्यावर घोडं अडलं. तिथे लिहिलं होतं: 'अर्जदाराचे सदर प्राण्याशी नाते'. मी विचारलं, इथे काय लिहू? कारकून म्हणाला, लिहा काहीतरी. मी बराच विचार करून 'परिचित' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी अर्ज परत. कारण, 'परिचित' हा पर्याय मान्य नाही. मान्य पर्याय तीन: मालक, भाडेकरू, कुटुंबीय.

"मालक नाही आहात. भाडेकरू लिहिलंत तर वेगळा करार लागेल," कारकून म्हणाला. "कुटुंबीय लिहा आणि मोकळे व्हा."

मी 'कुटुंबीय' लिहिलं. बऱ्याच दिवसांनी हा शब्द कुठल्या अर्जात लिहिला. कारकुनाने त्यावर शिक्का मारला आणि म्हणाला, "आता राहत्या इमारतीचा दाखला आणा. खोगीर घरी ठेवायला त्यांची हरकत नाही, असा."

आमच्या इमारतीचे सेक्रेटरी माझ्या समोरच्याच दारात राहतात. बँकेतून निवृत्त झालेले आहेत, म्हणून सगळे त्यांना बँकवाले म्हणतात. माणूस मदतीला तत्पर. इतका तत्पर, की मदत हवी आहे की नको हे ऐकायला थांबत नाही. मी दाखला मागितला तर त्यांनी आधी मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "घोडा किती फूट?"

"घोडा येणार नाही. फक्त खोगीर."

"असं सगळेच म्हणतात सुरुवातीला." सगळे म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. "आणि या वयात खोगीर कशाला? आरामखुर्ची घ्या. तीही बसायचीच वस्तू आहे, आणि पाडत नाही."

दाखला मिळायला दोन दिवस लागले. त्याच्या आधी दुसऱ्याच दिवशी जिन्याखाली सूचना लागली: 'वाहनतळात कोणत्याही सभासदाने जनावर बांधू नये. बांधल्यास शेण उचलण्याची जबाबदारी त्याची राहील.' खाली नाव नव्हतं, पण लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे बघून सरकून उभे राहायला लागले. तळमजल्यावरच्या आजींनी मात्र हळूच विचारलं, लहान नातवाला एक चक्कर मिळेल का म्हणून. मी मान खाली घालून पुढे गेलो.

पाचव्या दिवशी मी खोगीर करणाऱ्या कारागिराकडे पोचलो. अरुंद बोळात खाली दुकान, वर घर. आत चामड्याचा आणि तेलाचा वास, भिंतीला टांगलेले लाकडी सांगाडे, आणि मधोमध एक वृद्ध गृहस्थ तोंडात सुई धरून बसलेले. माझं बोलणं त्यांनी सुईसकट ऐकून घेतलं.

"घोड्याला बसणारं खोगीर सोपं असतं," ते म्हणाले. "माणसाला बसणारं तर त्याहून सोपं. दोघांना एकच बसवायचं, तिथे कस लागतो. संसारासारखंच आहे हे. घोड्याची पाठ आणा."

पाठ आणा म्हणजे काय, तर त्यांनी मला एक जाड पण मऊ तार दिली. ती घोडीच्या पाठीवर, खांद्याच्या मागे आडवी दाबून बसवायची, पाठीचा आकार तारेत उतरला की अलगद उचलायची, आणि कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवायची. मग माझं माप. मला त्यांनी एका लाकडी घोड्यावर बसवलं आणि गुडघ्यापासून कमरेपर्यंत दोरी धरून म्हणाले, "तुमचं झालं." माझ्या एकसष्ट वर्षांचं माप इतक्या लवकर उरकेल असं मला वाटलं नव्हतं.

"तार नीट आणाल ना? का मी येऊ?" त्यांनी विचारलं.

एकतीस वर्षं. वजनमापे खातं. मी फक्त हसलो. ते हसू मला पुढे महागात पडलं.

मोजायला गेलो तेव्हा मोतद्दाराने मावशीला धरलं. मी श्वास रोखून तार बसवली, दाबली, उचलली. मावशीने फक्त शेपूट हलवली. "चार दिवस झाले तुला काही सांगितलं नाही," मी म्हणणार होतो, पण तेवढ्यात कारकून डोकावला. स्वारी नसताना पागेत थांबायचा पास वेगळा असतो म्हणे. मी तार घेऊन निघालो.

बसमध्ये गर्दी होती. तार दबू नये म्हणून मी ती दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरली. शेजारच्या बाईंनी विचारलं, "हे काय आहे हो?"

"पाठ आहे," मी म्हटलं.

"कुणाची?"

"मावशीची."

बाई पुढच्या थांब्यावर उतरल्या. बहुतेक त्यांना पुढे जायचं होतं.

घरी येऊन मी तार टेबलावर ठेवली. गिरवायला दिवसाचा स्वच्छ उजेड हवा, म्हणून ते काम सकाळवर टाकलं. संध्याकाळी बँकवाले आले. ते तासभर होते. त्यांच्या मेव्हण्याच्या मित्राचा हात घोड्यावरून पडून कसा मोडला हे त्यांनी मला तपशीलवार सांगितलं, आणि मध्येच मी चहा करायला आत गेलो. सकाळी मी तार कागदावर ठेवली, गिरवली, आणि मनाशी म्हटलं, वा! दोन्ही बाजू कशा तंतोतंत सारख्या. निसर्गाचं माप चुकत नाही. जुन्या सवयीने मी खाली लिहिलं, 'मोजले व बरोबर आढळले', सही केली, तारीख टाकली. कारागिरांनी तो कागद बघितला आणि म्हणाले, "सरकारी सहीच आहे, मग काय बोलायचं."

त्यानंतरचे पंधरा दिवस माझ्याकडे करायला काहीच नव्हतं. मी रोज क्लबच्या कुंपणापर्यंत जायचो. तिथून पागेचं दार दिसतं, मावशी दिसत नाही. एकदा मी कुंपणाबाहेरून जरा मोठ्याने खाकरून बघितलं. आतून कोणीतरी फुरफुरलं, पण ती तीच होती हे शपथेवर सांगता येणार नाही. मग परत घरी. सांगायच्या गोष्टी साठत चालल्या होत्या आणि मी त्या विसरू नयेत म्हणून वहीत लिहायला लागलो. 'नळ दुरुस्त. पुन्हा गळतो.' 'आजींचा नातू मला घोडेवाले आजोबा म्हणतो.' लिहून झाल्यावर वाचलं तर फार मोठं असं काही नव्हतं. पण कोणाला तरी सांगितल्याशिवाय ते घडल्यासारखंच वाटेना.

बाविसाव्या दिवशी खोगीर तयार झालं. देखणं होतं. मी ते खांद्यावर टाकून जिना चढलो तर बँकवाले दारातच उभे. त्यांनी ते पुढून, मागून, खालून बघितलं आणि म्हणाले, "घोडा मागून येतोय का?"

दुसऱ्या दिवशी पागेत मोतद्दाराने ते मावशीच्या पाठीवर ठेवलं. खोगीर डोललं. त्याने सरकवून ठेवलं. पुन्हा डोललं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हं." या वेळच्या "हं"मध्ये बरंच काही होतं. मी कारागिरांना फोन केला आणि जरा चढ्या आवाजात म्हटलं की खोगीर चुकलंय. ते रिक्षा करून आले. हातात माझा सहीचा कागद. त्यांनी तो मावशीच्या पाठीला लावून बघितला, मग मला दाखवला, मग घडी घालून माझ्या खिशात ठेवला. 

"साहेब, ही पाठ हिची नाही. हिची पाठ एका बाजूने बसलीय. हात लावून बघा. उजवीकडे खळगा आहे. तुमच्या कागदावर दोन्ही अंगं सारखी. तार कोणी हाताळली होती?"

मी घरी जाऊन बँकवाल्यांचं दार वाजवलं. त्यांनी एका क्षणात कबूल केलं, आणि तेही अभिमानाने. "अहो, एक अंग बसकं होतं! मला वाटलं बसच्या गर्दीत दबली बिचारी. तुम्ही चहा करत होतात तेवढ्यात दुसऱ्या अंगाबरोबर सारखी करून ठेवली. बोललो नाही, म्हटलं केलेल्या कामाचा कशाला गाजावाजा."

यांच्यावर रागवायचं तरी कसं? घोडचूक त्यांची, सही माझी.

पण कारागीर पागेतच थांबले होते. मी परत आलो तेव्हा ते मावशीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "खोगीर दुरुस्त करीन. उजवीकडे लोकर जास्त भरायची, चार दिवसांचं काम. पण घोडं असं जन्माला येत नाही. कोणीतरी सतत एकाच बाजूला दाबलंय. बसा बघू हिच्यावर."

चट्टा तोवर बरा झाला होता. डॉक्टरांना फोन लावून पाच मिनिटांची परवानगी घेतली. ही स्वारी नियम बाराखाली धरली जाणार नाही, असं कारकुनाने खिडकीतूनच बजावलं. मी बसलो. तेवीस दिवसांनी! मावशीचे कान लगेच मागे वळले. कारागीर तिच्या मागे जाऊन उभे राहिले.

"चला दोन फेऱ्या. नेहमी जाता तसे."

दोन फेऱ्या झाल्या. कारागीर म्हणाले, "तुम्ही उजवीकडे कलता."

"शक्यच नाही," मी म्हटलं. "मी अगदी सरळ आहे."

"चांगले चार बोटं कलता. उजवीकडे काय आहे?"

मी मोतद्दाराकडे बघितलं. म्हटलं, तू सांग रे बाबा यांना, तू रोज बघतोस. मोतद्दाराने पायाने माती सारखी केली. मग म्हणाला, "साहेब तिच्या कानात बोलतात ना."

पंधरा वर्षांत त्याने एवढं लांब वाक्य कधी उच्चारलं असेल असं वाटत नाही, आणि तेही नेमकं हेच. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मी समजत होतो, मी अगदी हळू बोलतो. कारकुनालाही माहीत असणार, कारण तो खिडकीतून दिसेनासा झाला. कान लाल होणं म्हणजे काय ते मला साठीनंतर कळलं.

"पण उजव्याच कानात का?" कारागिरांनी विचारलं. चेष्टेने नाही. कामाचा प्रश्न म्हणून.

तेव्हा मला ते कळलं. त्याआधी कधी विचारच केला नव्हता. बायकोला उजव्या कानाने ऐकू यायचं नाही. बारा वर्षं. डावा कान माझ्याकडे राहावा म्हणून ती नेहमी माझ्या उजव्या हाताला बसायची, घरात, बसमध्ये, डॉक्टरकडे, सगळीकडे. काही सांगायचं तर मी उजवीकडे झुकायचो. बारा वर्षं झुकलो. ती गेल्यावर ते थांबवायला मला कोणी सांगितलंच नाही. लोकांच्या तराजूत रतीभराचा फरक पकडणारा माणूस मी, स्वतः एवढा कलून चाललो होतो आणि त्या मुक्या जनावराची पाठ सोलत होतो. हे सगळं मी मावशीवर बसूनच बोललो. खाली उतरायचं सुचलं नाही.

कारागीर जवळ आले. मग त्यांनी रिकिबीत अडकलेला माझा पाय हाताने सरळ केला.

"खोगीर मी दोघांसाठी करतो, साहेब," ते म्हणाले. "तिघांसाठी नाही करता येत. तुम्हाला सरळ बसावं लागेल. नाहीतर मी कितीही लोकर भरली तरी महिन्याभरात पुन्हा हेच."

हातात सात दिवस होते. मी घरी स्टुलावर बसून सरळ बसायचा सराव सुरू केला. खरोखर सरळ बसलं की मला डावीकडे पडतोय असं वाटायचं. एकदा पडलोही. आवाज ऐकून बँकवाले धावत आले. तारेचं प्रायश्चित्त म्हणून की काय, कोणास ठाऊक, त्यांनी कुठूनसा भिंत सरळ आहे का ते बघायचा गवंड्याचा ओळंबा पैदा केला, आणि रोज संध्याकाळी माझ्या पाठीमागे तो दोरा धरून उभे राहू लागले. "अर्धा इंच उजवीकडे... अहो, फार नको... हां, आता बरोबर, हलू नका!" दार उघडं असायचं. येणारेजाणारे थांबून बघायचे आणि सल्ले द्यायचे. कोणी म्हणालं, श्वास सोडा. कोणी म्हणालं, दोन्ही खिशांत सारखी वजनं ठेवा. हे मला! मी सगळं ऐकून घेतलं. मावशी सात तासांच्या अंतरावर जाणार, या विचारापुढे माझ्या मानापमानाची किंमत ती काय.

तिसावा दिवस उजाडला. रिंगणाच्या कडेला घोड्यांचे डॉक्टर, कारागीर आणि फाईल घेतलेला कारकून. मधोमध लांब दोरी धरून मोतद्दार. डॉक्टरांनी घातलेली परीक्षा अशी: दहा फेऱ्या मारायच्या, मग खोगीर उतरवून पाठीवरचा घामाचा ठसा बघायचा. ठसा दोन्हीकडे सारखा असला तर मावशी राहणार. एका बाजूला जास्त असला तर दुपारी गाडी येणार. गाडीवाल्याला सांगूनही ठेवलं होतं.

मी बसलो. खोगीर तिला बसलं, मला बसलं. पाठ ताठ, नजर समोर, तोंड बंद. पहिली फेरी झाली. मावशीचे कान मागे वळले आणि तसेच राहिले. वाट बघत होती. दुसऱ्या फेरीला तिची चाल मंद झाली. तिसरीच्या मध्यावर ती चक्क उभी राहिली. मी टाचा लावल्या, मोतद्दाराने दोरी हलवली, तोंडाने चकचक केलं. ती हलेना.

"चालत नाही का?" कारकुनाने फाईल उघडली. "चालत नसली तर तशी नोंद करावी लागेल."

तिला काय हवंय ते मला कळत होतं. आणि वाकायचं तर नव्हतं. म्हणजे एकच मार्ग उरला. जे काही आहे ते ताठ बसून, समोर बघून, सगळ्या रिंगणाला ऐकू जाईल असं बोलायचं. वहीतल्या साठवलेल्या गोष्टींपैकी ऐन वेळी एकही आठवली नाही. तोंडातून निघालं ते वहीत लिहिलेलंच नव्हतं.

"काल मी मशीनची बॅटरी बदलली!"

मावशी चालायला लागली. डॉक्टरांनी कारागिरांकडे बघितलं, कारागिरांनी जमिनीकडे. माझा आवाज मलाच परका वाटला. आणि तेवढ्यात रिंगणाच्या मधून प्रश्न आला.

"कसलं मशीन?"

मोतद्दार होता. दोरी हातात तशीच, तोंड माझ्याकडे. दोन वर्षांत मी जे जे बोललो, त्यातल्या एकाही गोष्टीवर मला कोणी उलट प्रश्न विचारला नव्हता. मी गोंधळलो. उत्तर द्यायची सवयच गेली होती.

"कानाचं," मी म्हटलं. "बायकोचं."

"त्या तर... मग बॅटरी कशाला?"

"दर तीन महिन्यांनी बदलायची असते. म्हणून बदलतो."

"बरं," तो म्हणाला. आणि थोडं थांबून, "मग?"

मग मी सांगायला लागलो. मशीन कुठून आणलं, ते कसं शिट्ट्या मारायचं, एकदा ती ते पिठाच्या डब्यात विसरली आणि आम्ही दिवसभर घर कसं उलथंपालथं केलं. मोतद्दार मध्ये मध्ये विचारत होता, मी ताठ बसून मोठ्याने सांगत होतो, आणि मावशी आपली चालत होती. दहा फेऱ्यांची परीक्षा, पण कोणी थांबवलं नाही. कारकुनाने नंतर सांगितलं, अठरा झाल्या.

खोगीर उतरवलं. डॉक्टरांनी चष्मा लावून मावशीच्या पाठीवर वाकून बघितलं. घामाचे दोन ठसे, डावा आणि उजवा. कारागिरांनी वीत लावली. मग ते बाजूला सरकले आणि मला म्हणाले, "तुम्ही बघा." मी बघितलं. सारखे होते. मला ओरडावंसं वाटत होतं, पण सरकारी नोकरीत आयुष्य काढलेला माणूस, नुसतं "बरोबर आढळले" एवढंच म्हणालो. कारकुनाने शिक्का मारला आणि गाडीवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून कळवलं.

सगळे गेल्यावर मी पागेत मावशीपाशी उभा राहिलो. मोतद्दार तिची पाठ पुसत होता.

"एक विचारू का?" तो म्हणाला. "मशीन लावलं की बाईंना नीट ऐकू यायचं?"

"काय माहीत," मी म्हटलं. "ती लावायचीच नाही. मी रोज मागे लागायचो. म्हणायची, अहो, तुम्ही आहात ना इथे जवळ, मग मशीन कशाला?"

मोतद्दाराचा हात थांबला. त्याने फडकं झटकलं. मग म्हणाला, "बरोबर बोलायच्या," आणि दुसरं फडकं माझ्या हातात देऊन त्याने मला मावशीच्या डाव्या बाजूला, तिच्या डाव्या कानाजवळ उभं केलं.